आलेल्या माणसाच्या भाषेत

आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला 'पाहुणा' नावाचा खेळ असायचा. एका मुलाने बाहेर जायचं, दार वाजवायचं आणि येत असेल त्या भाषेत 'आत येऊ का' असं विचारायचं. वर्गाने त्याच भाषेत त्याला आत बोलवायचं, खुर्ची द्यायची, पाणी विचारायचं आणि त्याचं पिऊन होईपर्यंत कुणीतरी शेजारी उभं राहायचं. कानडी सगळ्यांनाच यायचं. तमिळ, तेलुगूची चार-दोन वाक्यं गल्लीतून आलेली, हिंदी टीव्हीवरून. एकदा एक मुलगा ऐटीत 'मे आय कम इन' म्हणाला, तर अख्खा वर्ग 'येस मिस' म्हणून ओरडला. मी इतकी हसले की मला खडू खाली ठेवावा लागला.

हा खेळ मुख्याध्यापिकांचा. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची, आम्ही शिक्षिका अक्का म्हणायचो. त्यांचं घराणं कैक पिढ्या बंगलोरचं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं आणि ते त्यांच्या गावीही नसायचं. त्यांचा एकच कायदा होता. दारात पोस्टमन येवो, फुलवाली येवो नाहीतर कुणाचा बाप येवो, मुलांनी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. "आपल्याला दोन येतात, त्याला एक येते. मग स्वल्प वाकायचं कुणी? आपणच की," असं त्या म्हणायच्या. मला हे पटायचं. मी निपाणीची. आमच्याकडे बाजारात जाऊन येईपर्यंत माणूस चार वेळा भाषा बदलतो आणि त्याला ते कळतही नाही.

शाळा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मागे होती. पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या, पहिली ते चौथी, माध्यम मराठी. दिवसभर शेजारून लेथचा आवाज यायचा. वीज गेली की लेथ थांबायचे आणि मी किती ओरडून शिकवते ते मला एकदम कळायचं. मुलं त्याच कारखान्यांत राबणाऱ्यांची. बिदर, बेळगाव, निपाणी, थोडी सोलापूरकडची. माझा नवराही तिथेच टर्नर होता. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेली मंडळी तेव्हा शहरात दिसू लागली होती. गणपतीत ती शाळा चालवणाऱ्या आमच्या मराठी मंडळात येऊन 'मराठी टिकली पाहिजे' अशी भाषणं ठोकायची आणि स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात घालायची. त्यांनी वाजवायला लावलेल्या टाळ्यांचा मला अजून राग आहे.

शाळा अनुदानित होती. म्हणजे इमारत, फळे, खडू हे मंडळाने बघायचं आणि शिक्षकांचे पगार सरकारने द्यायचे. अनुदान गेलं तर मंडळाच्या वर्गणीत आमचा महिनाही निघाला नसता. आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत एका हिवाळ्यात नेमकी तीच बातमी कानावर आली. राज्यात शाळांच्या अनुदानाचा नवा कायदा येणार, मसुदा तयार आहे, अधिवेशनात विधेयक मांडणार. मसुदा कुणी पाहिला नव्हता, पण त्यातलं एक कलम सगळ्यांना तोंडपाठ होतं. ज्या मुलांना राज्याच्या भाषेत शिकणं जमणारच नाही, त्यांच्यासाठी असलेल्या शाळांनाच पुढे वेगळ्या भाषेसाठी पैसे मिळणार. त्याआधी खात्याचे साहेब प्रत्येक शाळा पाहून आपलं मत देणार होते.

आमच्या मुलांना कानडी जमत नाही असं कुणाला सांगणार? ती तर दारावर येणाऱ्या कुत्र्याशीसुद्धा कानडीत बोलायची.

पण त्यांना ते कानडी आलं कसं, हे मला माहीत होतं. माझ्या दुसरीत एक मुलगी होती. बिदरकडून आलेली, बारीक, कानात कडुनिंबाच्या काड्या घातलेली. बंगलोरला आली तेव्हा तिला फक्त मराठी येत होतं. बापाने आधी जवळच्या कानडी शाळेत घातलं. वर्षभर ती तिथे तोंडाला कुलूप लावून बसली. लघवीला जाऊ का हे विचारता येईना म्हणून वर्गातच करायची, मग मुलं हसायची. आमच्याकडे पहिलीत आली तेव्हा तो वर्ग माझ्याकडे होता, आणि इथेही पहिले काही दिवस ती बाकाखाली बसायची. मी तिला बाहेर ओढलं नाही. खाली वाकून तिथेच तिला पाटी द्यायची. एक दिवस तिने खालूनच मला विचारलं, "बाई, तुमच्या घरी शेळी हाय का?" त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला तीनदा तेच सांगितलं. पुढे ती वाचायला लागली, आणि वाचायला लागल्यावर पाहुण्याच्या खेळात तिने इतक्या झपाट्याने कानडी उचललं की दुसरीत येईतो ती खेळाची म्होरकी झाली होती. आपल्या भाषेत पाय टेकले म्हणून तिला दुसऱ्या भाषेत उडी मारता आली. पण पाहणीला येणाऱ्या साहेबांना त्यातली फक्त उडी दिसणार होती.

पाहणीचा दिवस ठरला तशी मी अक्कांच्या खोलीत गेले.

"अक्का, त्या दिवशी पोरांना सांगूया. साहेब कानडीत बोलले तर गप्प बसायचं. कळत नाही म्हणायचं."

अक्का डबा खात होत्या. त्यांनी घास खाली ठेवला. "अय्यो, खोटं बोलायला शिकवायचं?"

"खोटं कशाला? नुसतं गप्प राहायचं."

"गप्प तर ती बिदरची पोरगी कानडी शाळेत राहिली होती की. वर्षभर. तेच परत शिकवू म्हणतेस?"

"शाळा जाईल अक्का."

"असं कसं जाईल? साहेब शिकलेला माणूस. पोरं किती तयार आहेत ते बघेल. तयार पोरांची शाळा कोण बंद करतं, सांग बघू?"

मला संताप आला. एवढं वय झालेली, एवढी शाळा चालवलेली बाई, आणि सरकारी कागदाला माणसासारखं मन असतं असं मानून चालली होती. मी म्हटलं, "तुम्हाला लोक चांगलेच वाटतात, त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मग उद्यापासून तू एक तास घे. येणारी गोष्ट येत नाही असं कसं दाखवायचं, ते शिकव. मला जमणार नाही." मी निघून आले. मलाही ते शिकवता आलं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पाहणीच्या दिवशी सकाळपासून वीज होती. लेथ धडधडत होते. आयांनी मुलांच्या डोक्याला इतकं तेल चोपडून पाठवलं होतं की वर्गाला खोबऱ्याचा वास येत होता. साहेब आले ते स्कूटरवरून, एकटेच. मी मनात एखादा खडूस माणूस रंगवून ठेवला होता. हे निघाले मवाळ, मंड्याकडचे, चष्मा पुसत पुसत बोलणारे. त्यांच्यावर चिडायची सोयच राहिली नाही. पहिलीत ते थोडा वेळ थांबले, तिसरी-चौथीत गणितं घातली आणि शेवटी माझ्या दुसरीच्या दारात येऊन उभे राहिले. अक्का त्यांच्या मागे होत्या.

आणि त्यांनी दारावर टिचकी मारली. उगाच, गमतीने, मोठी माणसं मुलांच्या वर्गाशी मारतात तशी.

"ओळगे बरबहुदा?"

आत येऊ का, इतकंच विचारलं त्यांनी. पण ते पाहुण्याच्या खेळातलं पहिलं वाक्य होतं. मी डोळे मिटले. पाठीमागे बाकांचा खडखडाट झाला आणि सगळा वर्ग एकदिलाने ओरडला, "बन्नी सार, कूत्कोळी!" या सर, बसा.

ती कडुनिंबाच्या काड्यांची मुलगी पुढे धावली. कोपऱ्यातली पाहुण्यांची लाकडी खुर्ची तिने ओढत आणली, फ्रॉकने पुसली, साहेबांना बसवलं. "नीर बेका सार?" असं विचारून माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात आणून दिलं आणि ते पिईपर्यंत हात मागे बांधून शेजारी उभी राहिली. कुठून आलात, किती लांबून आलात, ऊन लागलं का, हे सगळं सफाईदार बंगलोरी कानडीत. माझ्यासारखं निपाणीच्या वळणाचं नाही. साहेब खुलले. हसले. त्यांनी मुलांना एकेक प्रश्न घातला आणि मुलांनी चढाओढीने उत्तरं दिली. घरी काय बोलता, असं विचारल्यावर अर्धा वर्ग 'मराठी' म्हणाला आणि अर्धा वर्ग 'एरडू', म्हणजे दोन्ही.

"भेष, भेष!" साहेब अक्कांकडे वळून म्हणाले. "आमच्या शाळांतली मुलंसुद्धा इतकं चांगलं बोलत नाहीत." अक्कांचा चेहरा फुलला. त्यांना खरंच वाटलं की आपण जिंकलो.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी मुलांकडे वळून जोरात म्हणाले, "मराठीत बोला! साहेबांशी मराठीत बोला!"

मुलं माझ्याकडे बघत राहिली. पाहुण्यासमोर बाई असं काही ओरडतील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. ती मुलगी रिकामा पेला हातात धरून उभी होती. तिने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच, मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "पण बाई, त्यांना कळणार नाही ना."

"एनंते?" साहेबांनी विचारलं. काय म्हणते ही?

अक्कांनी सांगितलं, शब्द न शब्द. साहेबांनी मुलीच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहून मऊ आवाजात कानडीतच म्हणाले, "अम्मा, यांना इतकं येतं, तर वेगळी शाळा कशाला?"

तेव्हा मी बोलले. माझ्या गावठी कानडीत, लेथच्या आवाजावर आवाज चढवून, मी त्यांना सगळं सांगितलं. ही मुलगी कशी आली, बाकाखाली कशी बसायची, फ्रॉक कसा ओला व्हायचा, शेळीचं कसं विचारलं. ती तिथेच उभी आहे हेसुद्धा मला सुचलं नाही. साहेबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण मला आज दिसलं तेच लिहावं लागतं." त्यात लबाडी काहीच नव्हती. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं, आणि कौतुकानेच लिहिलं.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अधिवेशनाची बातमी आली की नवरा पेपर माझ्या आधी वाचून दडवून ठेवायचा. मग मी शेजारणीकडे जाऊन वाचायची. शेवटी आम्हा दोघींना खात्याच्या कार्यालयात बोलावणं आलं.

टेबलामागे तेच साहेब होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि सल्लाही. कायदा येण्याआधी शाळेने आपण होऊन कानडी माध्यम घेतलं तर अनुदान चालू राहील. मराठीच ठेवायचं म्हटलं तर, कायदा आल्यावर, त्यांच्या शेऱ्यामुळे ही शाळा अनुदान बंद होणाऱ्यांच्या पहिल्या यादीत जाईल. "मी तुमच्या भल्याचं सांगतो," ते म्हणाले, आणि ते खरंच आमच्या भल्याचं सांगत होते. अक्कांनी विचार करायला वेळ मागितला. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. यशवंतपूर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "भेष म्हणाला होता गं तो."

पालकांची सभा झाली. मी पालकांना चिथवायचं ठरवून गेले होते. मोर्चा काढू, निवेदन देऊ, लढू. पण लोक पाळीवरून थेट आलेले, हाताला ऑइल तसंच. ते म्हणाले, शाळा बंद नको. भाषा कुठलीही चालेल, घरी मराठी आहेच. एकजण तर म्हणाला, "बाई, इंग्लिश करता येत असंल तर बघा की." त्या मुलीचा बाप मागे उभा होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी होकार कळवला. मी त्यांच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"अजून कायदा आलेला नाही अक्का! नुसत्या बोलण्यावर शाळा देऊन टाकताय?"

"आणि आला तर? जूनमध्ये ही पोरं कुठं बसतील ते सांग. मी मोठं बोलून मोकळी होईन. ती कुठं जातील?"

"पहिलीला नवीन येतील त्यांचं काय? ती परत बाकाखाली बसतील."

"मी आहे की. चार वाजल्यानंतर मी मराठी घेईन, रोज. पैशाविना."

"आणि मी?"

हे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझं डी.एड. कोल्हापूरचं, मराठी माध्यमाचं. कानडी माध्यमाच्या शाळेत मला पद नव्हतं. बाकीच्या शिक्षिका इथेच शिकलेल्या, त्यांचं निभावणार होतं. जाणार होते ती एकटी मी. अक्कांनी मान वर केली नाही. "तुझं मला माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण तुझ्यासाठी शाळा पणाला लावू का मी?"

लावू नये, हे मलाही कळत होतं. तरी मी बोललेच. "पाहुण्याला खुर्ची द्यायची असते अक्का. तुम्ही घर दिलंत." त्या उठल्या आणि कोपऱ्यातला आधीच कोरा असलेला फळा पुसायला लागल्या. मी बाहेर पडले आणि नळाजवळ जाऊन रडले. मला त्यांचा राग होता, साहेबांचा होता, आणि 'येस मिस' म्हणून ओरडणाऱ्या त्या निष्पाप पोरांचासुद्धा होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा जीव रमत नाही. ते विधेयक आलंच नाही. अधिवेशन संपलं, पुढचंही संपलं, माणसं बदलली, मसुदा कुठल्या कपाटात गेला देव जाणे. आमचं माध्यम मात्र बदललं ते बदललंच. बदलायला एक होकार पुरला होता. परत फिरवायला म्हणे वरची मंजुरी लागते, आणि वर कुणाला सवड नव्हती. आम्ही येलहंकाला राहायला गेलो, मी तिथे एका बालवाडीत लागले. अक्कांशी बोलणं नव्हतं. चार वाजता त्या खरंच मराठीचा वर्ग घेतात, असं नवऱ्याकडून कळायचं.

वर्ष उलटून गेल्यावर बालवाडीला माझा अनुभवाचा दाखला हवा होता, म्हणून मी एका शनिवारी शाळेत गेले. अक्का बँकेत गेल्या होत्या. वाट बघायची म्हणून व्हरांड्यात थांबले. वीज गेलेली होती, लेथ बंद, आणि त्या शांततेत माझ्या जुन्या खोलीतून कानडी पाढे ऐकू येत होते. आता तिथे चौथी बसत होती. दार लोटलेलं होतं. मुलांना एकदा बघावं असं अनावर वाटलं. माध्यम बदललंय, आत नव्या बाई आहेत, त्यांना अवघडायला नको, असा विचार करून मी दारावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ओळगे बरबहुदा?"

पाढे थांबले. शनिवारच होता. खेळ चालू झाला असंच मुलांना वाटलं असणार, कारण अर्ध्या वर्गाने 'बन्नी' म्हणायला तोंड उघडलं. पण दारापाशी धावत आली ती तीच, बिदरची. आता उंच झालेली, कानात काड्यांच्या जागी खोट्या मोत्यांच्या कुड्या. तिने मला पाहिलं आणि मागे वळून वर्गाला हाताने गप्प केलं. खेळाच्या नियमाने तिने मला कानडीतच उत्तर द्यायला हवं होतं. मी कानडीतच विचारलं होतं.

"या बाई," ती मराठीत म्हणाली. "बसा. लांबून आलात?"

तिने कोपऱ्यातली लाकडी खुर्ची ओढत आणली, साहेबांसाठी आणली होती तीच, आणि ओढणीने पुसली. ती आलेल्या माणसाच्या भाषेत बोलत होती, आणि आलेलं माणूस आता मी होते, हे मला त्या खुर्चीकडे बघताना कळलं. नव्या बाई हसून उभ्या राहिल्या होत्या. चौथीतली सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी बसले. तिने माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात आणून दिलं आणि माझं पिऊन होईपर्यंत हात मागे बांधून शेजारी उभी राहिली.